चिकाटीचा माणूस : रिचर्ड ड्रू

मराठी विभागासाठी एखाद्या थोर व्यक्तीचं चरित्र लिहायचं म्हटलं की आपल्याकडे नावं ठरलेली असतात. विश्वेश्वरय्या, एडिसन, फार तर टेस्ला. माणसं मोठीच, पण त्यांच्यावर कोणीतरी लिहितंच. मी निवडलेल्या माणसाचं नाव तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ऐकलं नसेल. अमेरिकेत ते चांगलंच माहीत आहे, २००७ मध्ये तिथल्या नॅशनल इन्व्हेंटर्स हॉल ऑफ फेममध्ये त्याला जागाही मिळाली. आणि त्याचं काम तर आत्ता या क्षणी तुमच्या खोलीत आहे. जर्नलचं फाटलेलं पान ज्याने जोडलंय, ड्रॉइंगची शीट बोर्डाला ज्याने चिकटवलीय, मोबाइलच्या चार्जरची मोडलेली वायर ज्याच्या जिवावर चाललीय, ते सगळं त्याचंच घराणं.

माझी शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ मराठीच्या मॅडमनी बघून दिलं आहे. इंग्रजी शब्द मात्र मी मुद्दाम ठेवलेत. मास्किंग टेपला मराठीत काय म्हणायचं हे गॅरेजवाल्याला विचारलं तर तो मास्किंग टेपच म्हणतो.

मला हा माणूस सापडला तो बाबांच्या गाडीच्या बॉनेटवर. हायवेला पुढच्या ट्रकच्या चाकाखालून खडा उडाला आणि बॉनेटवरचा रंगाचा टवका गेला. साबुदाण्याएवढा. बाबा म्हणाले, एवढ्यासाठी डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे गाडी टाकायची नाही, तू मेकॅनिकलला आहेस ना, कर. (आमच्या वर्गात मुली सहा. घरी असली कामं आता माझ्याकडेच येतात आणि मला ती आवडतात.)

टवका लहान दिसतो, पण त्याकडे दुर्लक्ष करून चालत नाही. गाडीचा रंग म्हणजे एक थर नसतो. पत्र्यावर प्रायमर, त्यावर रंग, त्यावर चकचकीत क्लिअर कोट, आणि हे सगळं मिळून जाडी जेमतेम एक दशांश मिलिमीटर किंवा थोडी जास्त. खडा तिथून आत गेला की पत्रा उघडा पडतो, पावसाळ्यात गंज धरतो, आणि गंज रंगाच्या खालून पसरतो. म्हणजे वरून साबुदाणा आणि आतून भाकरी. म्हणून आधी गाडी धुवायची, जागा स्पिरिटने पुसून मेणाचा अंश काढायचा, कारण मेणावर रंग धरत नाही. गंज असेल तर तेवढाच खरवडून प्रायमरचा ठिपका द्यायचा. रंग कोणता हे डोळ्यांनी ठरवायचं नाही. दाराच्या खांबावर किंवा बॉनेटखाली एक पट्टी असते, तिच्यावर कलर कोड असतो, त्या कोडची टच-अपची बाटली आणायची. तिच्यातला ब्रश या कामाला जाड पडतो, टूथपिकच्या टोकाने भरलेलं बरं. एकदम भरायचं नाही. पातळ थर, वाळू द्यायचा, परत पातळ थर, असं करत आजूबाजूच्या रंगापेक्षा केसभर वर येईपर्यंत. मग क्लिअर कोट. तो नीट कडक झाला की दोन हजार नंबरचा वॉटर पेपर साबणाच्या पाण्यात बुडवून अगदी हलक्या हाताने तो उंचवटा खाली आणायचा आणि शेवटी रबिंग कंपाउंड. घासताना चांगला रंग ओरबाडला जाऊ नये म्हणून टवक्याभोवती चारही बाजूंनी मास्किंग टेप.

या कामासाठी मी हार्डवेअरच्या दुकानातून वॉटर पेपर आणि मास्किंग टेप एकाच पिशवीत आणले होते. पुढे वाचताना कळलं की या दोन वस्तूंचा जन्म एकाच गावातल्या एकाच कंपनीत चार वर्षांच्या अंतराने झाला, आणि पहिली वस्तू नसती तर दुसरी झालीच नसती. गाव सेंट पॉल, अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातलं. कंपनी मिनेसोटा मायनिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग, म्हणजे आजची थ्रीएम.

या कंपनीची सुरुवातच फसवणुकीने झाली, आणि ती फसवणूक कोणा माणसाने नाही, दगडाने केली. १९०२ मध्ये पाच जणांनी मिळून खाण घेतली. त्यातला दगड कोरंडम आहे, तो घासकामासाठी सोन्यासारखा विकला जाईल असा त्यांचा समज. निघाला भलताच, मऊ आणि निकामी. मग खाणीचं नाव तसंच ठेवून कंपनी सँडपेपर बनवायला लागली आणि कितीतरी वर्षं कशीबशी तगली. पुढे फिलाडेल्फियाच्या फ्रान्सिस ओकी नावाच्या शाईवाल्याने पाण्यात भिजवून वापरता येईल असा सँडपेपर शोधला. कंपनीने तो घेतला आणि १९२१ मध्ये 'वेटॉरड्राय' नावाने बाजारात आणला. हाच आपला वॉटर पेपर. तोवर गाड्यांचा रंग कोरडाच घासायचे. त्या रंगात शिसं असायचं आणि त्याची धूळ रंगाऱ्यांच्या छातीत जायची. पाणी आलं आणि धूळ बसली. वर्कशॉपमध्ये आपण एक तास फायलिंग करून नाकाला रुमाल लावतो, ती माणसं दिवसभर तेच करायची.

आता आपला हिरो. रिचर्ड गर्ली ड्रू, जन्म २२ जून १८९९, सेंट पॉलचाच. त्याला मी 'अहो-जाहो' न करता 'तो'च म्हणणार आहे, कारण गोष्ट सुरू होते तेव्हा तो आपल्यापेक्षा एकदोन वर्षांनीच मोठा होता. मिनेसोटा विद्यापीठात त्याने मेकॅनिकल इंजिनिअरिंगला प्रवेश घेतला. खर्च भागवायला रात्री नाचाच्या कार्यक्रमांत बँजो वाजवायचा. साधारण दीड वर्षात कॉलेज सुटलं. डिग्री मिळाली नाही ती नाहीच. पोस्टाने धडे येतात तसला मशीन डिझाइनचा कोर्स त्याने केला आणि १९२१ च्या सुमारास थ्रीएमच्या लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून लागला.

इथे मी थोडी थांबले होते. निकालाच्या दिवशी आपल्या हॉस्टेलमध्ये काही खोल्यांचा दिवा रात्री लागतच नाही, हे इथे राहणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे. वायडी लागलेली मुलगी मेसला येत नाही, डबा कोणीतरी वर नेतं, आणि नेणारीलाही आत काय बोलायचं कळत नाही. ड्रू नापास झाला होता असं मी कुठे वाचलेलं नाही, त्यामुळे त्याच्या गोष्टीचा उपयोग सांत्वनासाठी करणं मला बरोबर वाटत नाही. पण तो शिकणं सोडून बसला नाही, एवढं नक्की. कॉलेज गेलं तर पोस्टाने शिकला.

त्याचं काम साधं होतं. वेटॉरड्रायचे नमुने घेऊन गॅरेजमध्ये जायचं, रंगाऱ्यांकडून वापरून बघायचे, कसा चालतो ते लॅबला कळवायचं. १९२३ मध्ये असाच एका बॉडी शॉपमध्ये तो गेला तेव्हा तिथे रंगारी तावातावाने शिव्या देत होते. सँडपेपरला नव्हे. झालं असं होतं की त्या काळात दोन रंगांच्या गाड्यांची फॅशन आली होती. वरचा भाग एका रंगाचा, खालचा दुसऱ्या, आणि मधली रेघ सुरीने कापल्यासारखी सरळ हवी. पटकन वाळणारा नायट्रोसेल्युलोज लॅकर त्याच सुमारास आला होता, त्यामुळे फवाऱ्याने रंग मारणं सोपं झालं होतं. पण एका रंगावर दुसरा उडू नये म्हणून पहिला झाकायचा कशाने? रंगारी खाटकाकडचा जाड कागद लावायचे आणि तो डिंकाने किंवा दवाखान्यातल्या चिकटपट्टीने चिकटवायचे. दुसरा रंग वाळला की पट्टी ओढायची. पट्टीबरोबर खालचा ताजा रंगही सालासारखा निघून यायचा. मग तेवढा भाग परत घासा, परत प्रायमर, परत रंग. दोन दिवसांची मजुरी पाण्यात.

ड्रू सँडपेपरचा माणूस. त्याने नमुने देऊन निघून जायला काहीच हरकत नव्हती. त्याने तिथेच सांगून टाकलं की मी तुम्हाला यावर उपाय आणून देतो. चोवीस वर्षांचा लॅब टेक्निशियन, केमिस्ट्री फारशी शिकलेला नाही, कंपनीत कोणी टेप बनवत नाही, आणि हा परस्पर शब्द देऊन मोकळा. मला विचाराल तर त्याच्या पूर्ण आयुष्यातलं सगळ्यात धाडसाचं काम हेच. पुढचं सगळं दिलेला शब्द पाळण्यात गेलं.

ही अडचण वाटते त्यापेक्षा अवघड का आहे, ते मला टवका भरताना नीट समजलं. ओढताना तिथे एक साखळी असते. पट्टीचा कागद, त्यावरचा गोंद, गोंदाखाली रंग, रंगाखाली प्रायमर, मग पत्रा. आपण ओढलं की ही साखळी जिथे सगळ्यात कच्ची असेल तिथे तुटणार. दवाखान्याच्या पट्टीचा गोंद रंगाला इतका घट्ट धरायचा की कच्ची कडी रंगाची ठरायची. वर लॅकरमधलं थिनर पट्टीच्या कापडातून आत झिरपायचं आणि खालचा रंग आणखी मऊ करायचं. म्हणजे ड्रूला असा गोंद हवा होता जो बोटाने दाबला की लगेच धरेल, तासभर फवारा सोसेल, थिनर आत जाऊ देणार नाही, आणि ओढलं की स्वतः पूर्ण निघून येईल, मागे चिकटा न ठेवता. जास्तीत जास्त घट्ट गोंद शोधणं सोपं असतं. याला हवा होता बेताचा.

त्याने दोन वर्षं घालवली. वनस्पती तेलं, राळा, जवसाचं तेल, च्युइंगगममध्ये घालतात तो चिकल, सुतारकामातला सरस, ग्लिसरीन, जे हाताला लागेल ते. सँडपेपरच्या कंपनीत हा माणूस दिवसभर चिकटा ढवळत बसलेला. शेवटी कंपनीचा कारभार बघणारे विल्यम मॅकनाइट यांनी त्याला सांगितलं की हे बास, वेटॉरड्रायच्या कामाला लाग. ड्रू परत सँडपेपरवर गेला. थोडे दिवस. मग पुन्हा टेप काढून बसला. मॅकनाइट साहेब लॅबमध्ये आले, त्यांनी बघितलं, आणि काहीच न बोलता निघून गेले.

कंपनीच्या इतिहासात हा प्रसंग फार कौतुकाने सांगतात. मला त्यात थोडी गंमत वाटते. टेप चालली म्हणून हा प्रसंग साहेबांचा मोठेपणा ठरला. चालली नसती तर ड्रूचं नाव आज कोणाला माहीत असतं? त्याची नोकरी खरोखर पणाला लागलेली होती आणि त्याच्या हातात डिग्रीचा कागदही नव्हता. तरी साहेबांचं श्रेय मी नाकारत नाही. मनाई मोडलेली डोळ्यांनी दिसत असताना गप्प राहणं हे अनेक हुशार माणसांना जमत नाही.

उत्तर शेवटी दोन ठिकाणी मिळालं. गोंद सुताराच्या सरसाचाच, पण ग्लिसरीन घालून तो मऊ आणि कायम ओलसर ठेवलेला. आणि कागद साधा नाही, बारीक सुरकुत्यांचा क्रेप. आज मास्किंग टेप बोटात धरून ओढून बघा, ती थोडी ताणली जाते, ती त्या सुरकुत्यांमुळे. मडगार्डच्या गोलाईवर सरळ कागद चुण्या पाडतो, क्रेप वळतो. १९२५ मध्ये ही टेप तयार झाली. रुंदी दोन इंच, रंग फिका तपकिरी.

यानंतरची गोष्ट सगळ्यांना आवडते. पहिल्या नमुन्यांत गोंद पूर्ण रुंदीला नव्हता, फक्त दोन कडांना होता. एका रंगाऱ्याने ती लावली, तिला जड कागद जोडला, आणि वजनाने सगळं खाली आलं. तो वैतागला आणि ही टेप तुझ्या स्कॉच साहेबांकडे परत ने, म्हणावं अजून गोंद लावा, अशा अर्थाचं काहीतरी ओरडला, असं सांगतात. तिकडे स्कॉटलंडच्या माणसाला कंजूष समजायची पद्धत, म्हणून स्कॉच म्हणजे चिक्कू. नाव बसलं ते बसलंच, स्कॉच टेप. आपल्या मराठीत ही गोष्ट जास्त छान जुळते, कारण आपल्याकडे चिकट, चिक्कू आणि चिकाटी हे तिन्ही शब्द एकाच रांगेत बसतात. (व्याकरणाची जबाबदारी मॅडमची.)

गोंद पूर्ण रुंदीला लागला आणि डेट्रॉइटच्या मोटार कारखान्यांनी टेप उचलली. एका सँडपेपरच्या कंपनीला अचानक दुसरा धंदा मिळाला.

ड्रूचा पैसे खर्च करण्याचा एक किस्सा आपल्या स्टाफसाठी. त्याला कागद बनवायचं एक मशीन हवं होतं, मॅकनाइटनी नाही म्हटलं. संशोधकाला शंभर डॉलरपर्यंतची खरेदी परवानगीशिवाय करता यायची. ड्रूने नव्याण्णव डॉलरच्या एकामागून एक ऑर्डरी काढून मशीन तुकड्या-तुकड्याने आणवलं आणि पुढे साहेबांना ते दाखवताना स्वतःच सांगून टाकलं. आपल्याकडे हा मार्ग कोणी वापरू नये. ऑडिटवाले मॅकनाइट नसतात.

१९२९ मध्ये तो दुसऱ्या टेपकडे वळला. ड्यू पाँट कंपनीचा सेलोफेन तेव्हा नवा होता, काचेसारखा पारदर्शक, आणि बेकरीवाले, वाणी, मांसविक्रेते सगळे त्यात माल बांधायला लागले होते. पण पाकीट बंद करायला तशीच पारदर्शक, ओल न लागू देणारी पट्टी नव्हती. सेलोफेनवर गोंद लावणं म्हणजे छळ. उष्णतेने तो गुंडाळतो, मशीनमध्ये चिरतो, गोंद सगळीकडे सारखा पसरत नाही. आधी प्रायमरचा एक थर दिला तर गोंद धरतो, हे त्यांच्या लक्षात आलं. (टवका भरताना आपण वेगळं काय करतो?) ८ सप्टेंबर १९३० ला शिकागोच्या एका पॅकिंग कंपनीला पहिला रोल पाठवला गेला.

वेळ इतकी वाईट होती की विचारू नका. १९२९ चा शेअर बाजार कोसळून वर्ष झालेलं, मंदी, बेकारी. शिवाय सेलोफेन नुसत्या उष्णतेने चिकटवायची पद्धतही लवकरच निघाली, म्हणजे ज्या गिऱ्हाइकासाठी टेप बनवली त्याची गरजच कमी झाली. तरी ती खपली, कारण लोकांकडे नवं घ्यायला पैसे नव्हते. फाटलेली पुस्तकं, फाटलेल्या नोटा, मुलांची मोडकी खेळणी, एवढंच काय तडा गेलेली अंडीसुद्धा लोक टेपने सांधायला लागले. नव्या मालाच्या वेष्टनासाठी निघालेली वस्तू जुनं जपायच्या कामी आली. रोलचं टोक मात्र नखाने शोधावं लागायचं आणि कात्रीने कापावं लागायचं. १९३२ मध्ये जॉन बॉर्डन या थ्रीएमच्याच सेल्स मॅनेजरने दातेरी पात्याचा डिस्पेन्सर काढला. आपल्या विंगमध्ये तो डिस्पेन्सर एकच आहे आणि आपण अजून नखानेच टोक शोधतोय.

जाता जाता एक. आपण पारदर्शक टेपला सेलोटेप म्हणतो ते ड्रूच्या कंपनीचं नाव नाही. ते १९३७ मध्ये निघालेल्या इंग्लंडच्या टेपचं नाव आहे आणि आपल्याकडे तेच रुळलं.

यानंतर ड्रू कंपनीतला मोठा माणूस झाला, पण खुर्चीत रमणारा नव्हता. १९४० च्या दशकात त्याला स्वतःची एक लॅब मिळाली. प्रो-फॅब म्हणत तिला. तिथे तो मुद्दाम अशी माणसं घ्यायचा जी दुसऱ्या विभागांत कुठेच बसत नव्हती, आणि त्यांना काय कर हे सांगत बसायचा नाही. रात्री हेडलाइट पडला की उजळणारे रस्त्याचे फलक आणि सलाइनची सुई हाताला धरून ठेवणारी, कातडी न सोलता निघणारी कागदी टेप, या दोन्हींच्या मागे त्या लॅबचं काम आहे. ती दुसरी वस्तू बघितली की मला १९२३ चं ते गॅरेज आठवतं. तिथे दवाखान्याची पट्टी गाडीचा रंग सोलून काढत होती, आणि पुढे गाडीवाल्या टेपच्या माणसाच्या लॅबने दवाखान्याला चांगली पट्टी दिली. मॅकनाइटनी १९४८ मध्ये कंपनीसाठी जी तत्त्वं मांडली, त्यांत माणसांना मोकळीक द्या, त्यांच्या चुका साहेबांच्या जाचापेक्षा कमी महाग पडतात, अशा अर्थाचा मुद्दा आहे. तो लिहिताना त्यांना लॅबमधला चिकटा आठवला असेल असं मला आपलं वाटतं.

ड्रू १९६२ मध्ये निवृत्त झाला. त्याच्या नावावर तीस पेटंट होती. १४ डिसेंबर १९८० रोजी कॅलिफोर्नियात सांता बार्बरा इथे तो वारला.

त्यानंतरही त्याच्या टेपचं काम चालूच आहे. २००४ मध्ये मँचेस्टर विद्यापीठात आंद्रे गाइम आणि कॉन्स्टँटिन नोव्होसेलोव्ह यांनी ग्रॅफाइटला साधी चिकटटेप लावून पुन्हा पुन्हा सोललं, आणि सोलता सोलता कार्बनचा एका अणूएवढ्या जाडीचा थर हाती आला, तो ग्राफीन. २०१० मध्ये त्यासाठी दोघांना फिजिक्सचं नोबेल मिळालं. पेन्सिल आणि टेप हॉस्टेलखालच्या स्टेशनरीच्या दुकानात मिळते. मायक्रोस्कोपसाठी मात्र फिजिक्स लॅबला अर्ज द्यावा लागेल, आणि तो दुपारी चारच्या आत.